नावाडी की दिवेवाला

नकाशेवालीचं प्रेम नावाड्यावर होतं की दिवेवाल्यावर, या प्रश्नावर माझी भाची कॉलेजात असल्यापासून भांडत होती आणि एकदाही हरली नव्हती. हरली नव्हती म्हणजे जिंकली होती असंही नाही. या भांडणात कुणी जिंकतच नाही, तीच तर मजा आहे, असं ती म्हणायची. मला ते तेव्हा शुद्ध रिकामटेकडेपण वाटायचं आणि मी तसं तिला तोंडावर सांगतही असे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा एक व्हिडिओ गेम आहे. त्यात आपण नकाशेवाली व्हायचं आणि जगाचा अर्धवट राहिलेला नकाशा पुरा करत समुद्रावरून हिंडायचं. तिच्या गावाच्या टोकाला दीपगृह आहे. तिथला दिवेवाला तिचा लहानपणापासूनचा सोबती. दर सफरीआधी ती त्याचा निरोप घ्यायला जाते. पहिल्याच बंदरावर तिला नावाडी भेटतो आणि तो पुढे शेवटपर्यंत तिची नाव वल्हवतो. नकाशा जिथे संपतो तिथे ती एकटी उतरते, चालायला लागते, एकदा मान वळवून मागे बघते आणि खेळ संपतो. मागे किनाऱ्यावर नावाडी उभा असतो, आणि त्याच्याही खूप मागे दिव्याचा ठिपका लुकलुकत असतो. ती बघते कुणाकडे? गेम बनवणाऱ्यांनी आजवर ताकास तूर लागू दिलेली नाही. त्या एवढ्याशा मान वळवण्यावरून चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

आमची ढब्बू नावाड्याच्या बाजूची. ढब्बू हे तिचं घरातलं नाव, लहानपणी गुटगुटीत होती म्हणून पडलेलं. आता त्या नावानं हाक मारताना माझी जीभ अडखळते, कारण तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली. तेव्हा मी माझी बॅग उचलून दादाच्या घरी आले ती तिथलीच झाले. दादा पडदे शिवतो. लोकांच्या खिडक्या मोजून येतो, दिवसभर मशीनवर बसतो आणि कशाबद्दलही विचारलं तर "बघू" म्हणतो. घरातलं बोलण्याचं सगळं काम त्यामुळे माझ्याकडे आणि ढब्बूकडे आलं, आणि आम्ही ते मनापासून केलं.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूला स्टिअरिंग नसतं, फक्त एक जास्तीचा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गाडी कुठेही नेवो, माझ्या हातात काही नाही. जे आहे ते पायात. इतकी वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठेही भीती वाटली की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. दवाखान्याच्या खुर्चीत तो इतक्यांदा दाबला गेला की माझी पोटरी कायमची भरून आलेली असे.

ढब्बूच्या रक्तात दोष निघाला. पहिल्या उपचारात तिचे केस गेले, चव गेली, नोकरी गेली, पण नावाडी गेला नाही. हाताला सुई लावलेली असताना दुसऱ्या हातानं ती या खेळावर भांडणाऱ्यांच्या ग्रुपवर मुद्दे लिहायची. समोरच्या गटात एकजण होता, त्याला ती तेलकट म्हणायची, कारण तो दिवेवाल्याच्या दिव्यातल्या तेलावरसुद्धा लांबलचक निबंध लिहायचा. "हा तेलकट आज माझ्या हातून मरणार," असं म्हणून ती उशीला टेकून बसायची, आणि तेवढा वेळ तिच्या गालांवर रंग यायचा. रिकामटेकडेपण हा शब्द मी तेव्हा गिळला.

मग पहिला उपचार लागू पडला नाही असं कळलं. डॉक्टरबाई भल्या होत्या, त्यांनी गोल गोल बोलणं केलं नाही. आणखी एक उपचार करता येईल, पण तो पहिल्यापेक्षा जहाल. काचेच्या बंद खोलीत कित्येक आठवडे, भेटायला जायचं ते काचेपलीकडून. गुण येईलच असं नाही, किंबहुना आला तर नशीब. केला नाही तर जे काही महिने आहेत ते घरी, आपल्या माणसांत. पेशंट सज्ञान आहे तेव्हा निर्णय तिचा, शुक्रवारी मी उत्तर घ्यायला येईन, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरबाई आत आल्या की दादा खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहायचा, तसाच तेव्हाही उभा होता. मला त्याचा संताप आला. स्वतःच्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आणि हा पार्किंगमधल्या गाड्या मोजतोय.

ढब्बू म्हणाली, "बघू."

हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. मला तिच्याकडून 'हो' हवं होतं, दुसरं काही नको होतं. ती भांडणारी मुलगी होती, भांडणं सुटलं तर तिच्यात काय उरणार, हे मला दिसत होतं.

आणि नेमकं त्याच रविवारी तिच्याशी भांडणारे लोक संपले. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या ग्रुपची सभा भरायची, सगळे आपापल्या घरून माइक लावून बोलायचे. ढब्बू नावाड्याच्या बाजूनं बोलत होती, रंगात आली होती, आणि नर्स आत आली. ढब्बूच्या कानात काय लावलंय ते नर्सला कळलं नाही. तिनं नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं की दुसऱ्या उपचाराचं ठरलं का, कारण पहिला फुकट गेलाय तर खोली आधी सांगून ठेवावी लागेल. माइक चालू होता. आजाराबद्दल ढब्बूनं ग्रुपवर अवाक्षर काढलं नव्हतं. पलीकडे सगळ्यांनी ते ऐकलं. मग सभा चालवणारा मुलगा, ज्याला सगळे पंच म्हणतात, तो चाचरत म्हणाला की आज इथेच थांबू या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मेसेज यायला लागले. तेलकटानं लिहिलं की त्यानं फार विचार केला आणि ढब्बूचंच बरोबर आहे, ती नावाड्याकडेच बघते. त्याच्या गटातल्या आणखी एकीनं लिहिलं की तिचंही मत आता बदललंय. मग रांगच लागली. इतकी वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं एका दुपारीत एकमताची झाली. मला वाचून बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. मी म्हणणार होते, बघ, किती चांगली मुलं आहेत. ढब्बूनं फोन पालथा घातला आणि छताकडे बघत राहिली.

"आत्या, हे माणूस गेल्यावर करतात ना गं?" ती म्हणाली. "वाद घालायचं सोडून देतात ते?"

त्यानंतर ती जेवली नाही. संध्याकाळी दादानं घरून आणलेला डबा तसाच परत गेला. उशी सरळ करून देऊ का विचारलं तर म्हणाली, राहू दे, पडूनच बरं वाटतंय.

पंचाचा नंबर मी तिच्या फोनमधून घेतला आणि बाहेर जिन्यात उभी राहून त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? भांडा तिच्याशी. तो पोरगा रडायलाच लागला. म्हणाला, "काकू, आम्ही लिहून बघितलं. कडक काही लिहिलं की लगेच पुसून टाकतो. कुणालाच जमत नाहीये." मी म्हटलं, काकू कुणाला म्हणता, आणि मला ग्रुपमध्ये घ्या. मी भांडते.

नाव 'नवशिका' असं घेतलं. पण भांडायचं तर खेळ माहीत हवा. मी शिकाऊ पोरांना सुट्टी दिली आणि दादाच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर ठाण मांडलं. आयुष्यात मी घाटात ट्रकच्या मागून गाडी काढली आहे, पण ती नकाशेवाली काही मला सरळ चालवता येईना. भिंतीवर आपटायची, धक्क्यावरून समुद्रात पडायची, पुन्हा वर यायची, पुन्हा पडायची. मी शिकाऊ पोरांना ज्या शिव्या देते त्या स्वतःला दिल्या. पंच फोनवरून सांगत होता की आता हे बटण दाबा, आता ते सोडा, आणि अधूनमधून नाक ओढत होता. ढब्बूनं पूर्वी खेळून ठेवलेल्या जागांवरून पुढे पुढे उड्या मारत त्यानं मला निरोपाचे सगळे प्रसंग दाखवले.

मला नावाडी आवडला. साहजिकच आहे. वादळ आलं की तो वल्ही सोडत नाही. प्रत्येक बंदरावर तो तिला म्हणतो, चल, परत फिरू, मी नेतो तुला. असा माणूस असावा. दिवेवाल्याचा मला राग आला. नकाशेवाली निरोप घ्यायला दारात उभी असते आणि हा दर वेळी तिच्याकडे पाठ करून दिव्याची काच पुसत असतो. एक शब्द बोलत नाही. ढब्बूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच होता आणि त्याला इतक्या वर्षांत तेलकटालाही उत्तर सापडलं नव्हतं: जो निरोप द्यायला तोंडसुद्धा वळवत नाही, तो कसलं प्रेम करणार? मला अगदी पटत होतं आणि मला नेमकं याच्याच विरुद्ध लिहायचं होतं.

मंगळवारी मी पहिला मेसेज टाकला. तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसून, फोन पर्सच्या आड धरून. लिहिलं की नावाड्याचं कौतुक खूप झालं, जरा दिवेवाल्याकडे नीट बघा, आणि उगाच घाईनं काही बोलू नका. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग तोंड.

ढब्बूनं फोन उचलला. वाचलं. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि ती टाइप करायला लागली. माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. उत्तर सणसणीत होतं. नवशिक्यांनी आधी खेळ पुरता खेळावा, मग अक्कल पाजळावी, असं तिनं लिहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आधी आरसा, मग इंडिकेटर. ही ओळ मी तिला लहानपणापासून ऐकवत आले होते. तिनं मला ओळखलं असणार हे माझ्या तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

बुधवारी ती उशीला टेकून बसली. अर्धा डबा खाल्ला. मी खुर्चीत, ती खाटेवर, आणि दोघी फोनमध्ये तोंड घालून एकमेकींना फाडून खात होतो. मी लिहिलं की दिव्याशिवाय नाव खडकावर आपटली असती. तिनं लिहिलं की दिवा काय भाड्यानंही मिळतो, वल्हवणारा मिळत नाही. मी लिहिलं की नावाडी बडबड्या आहे. तिनं लिहिलं की बडबड्या माणसांनीच काही लोकांना लहानाचं मोठं केलंय, आणि माझ्याकडे न बघता पाणी मागितलं. डॉक्टरबाई फेरीला आल्या तेव्हा म्हणाल्या, आज चेहरा छान दिसतोय. मी मनात शुक्रवारचं 'हो' पक्कं करून टाकलं. इतकी आशा मी त्या महिन्यांत एकदाही केली नव्हती, आणि केली नसती तर बरं झालं असतं.

बुधवारी संध्याकाळी घरी येऊन पुन्हा खेळ लावला, कारण माझ्याकडचे मुद्दे संपत आले होते. निरोपाचा प्रसंग चालू होता. नकाशेवाली दारात, दिवेवाला पाठमोरा, काच पुसतोय. दादा मशीन थांबवून मागे येऊन उभा राहिला होता, ते मला कळलंही नव्हतं. मी चिडून म्हटलं, बघ रे हा दगड. एवढी ती निघालीये आणि हा वळत नाही.

"वळला तर तिचा पाय निघायचा नाही," दादा म्हणाला.

मी मान वर केली. त्याचे डोळे टीव्हीवर होते.

"ज्याला अडवायचं असतं तो समोर उभा राहतो," तो म्हणाला. "ज्याला जाऊ द्यायचं असतं त्यानं पाठच करावी. आपलं तोंड बघून तिला थांबावंसं वाटेल ना. मग ती आपल्यासाठी थांबेल, स्वतःसाठी नाही." एवढं बोलून तो परत मशीनवर जाऊन बसला. इतकी वाक्यं एका दमात त्यानं वहिनी गेल्यावरही बोलली नव्हती.

मला काय कळायला हवं होतं ते आज लख्ख दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की मुद्दा जबरदस्त आहे आणि याला ढब्बूकडे उत्तर नाही. ती पेटून उठेल, रात्रभर विचार करील, शुक्रवारी तलवार उपसूनच बसेल. मी काय हातात घेतलंय हे न बघता वारावर वार करायला निघाले होते.

गुरुवारी दुपारी मी दादाचे शब्द जसेच्या तसे ग्रुपवर टाकले. वर माझी भर घातली की म्हणूनच शेवटी नकाशेवाली मान वळवते ती दिव्याकडे, कारण नावाड्यानं तिला प्रत्येक बंदरावर परत बोलावलं आणि एकट्या दिवेवाल्यानं कधीच बोलावलं नाही.

ढब्बूनं वाचलं. पुन्हा वाचलं. मी पर्सवर हात ठेवून फोन थरथरायची वाट बघत होते. तिनं फोन बंद करून उशाशी ठेवला.

"आत्या, इकडे ये," ती म्हणाली. "खाटेवर बस."

मी बसले. तिनं माझा हात धरला. बोटं थंडगार होती.

"तुझं पटलं मला," ती म्हणाली. "ती दिवेवाल्याकडेच बघते. इतकी वर्षं मी उगाच भांडले."

मला वाटलं मी खोटं बोलून निसटू शकेन. म्हटलं, माझं काय, मी कुठे काय बोलले.

"आधी आरसा, मग इंडिकेटर," ती म्हणाली आणि हसली. "पहिल्याच मेसेजला कळलं होतं गं. मजा आली. खूप मजा आली."

"ढब्बू, अगं मी उगाच लिहिलं ते," मी म्हणाले. "मला नाही पटत त्यातलं काही. मी नावाड्याच्याच बाजूची आहे."

"माहीत आहे मला. तू पहिल्यापासून नावाडीच आहेस," ती म्हणाली. "म्हणून तर 'बघू' म्हणाले मी. तुझं तोंड बघितलं की 'हो' म्हणावंसं वाटतं. पण मला नाही जायचं त्या काचेच्या खोलीत. मला खरंच नाही जायचं. मला घरी ने."

मी वाद घातला. मी कसली ऐकते. म्हटलं एकदा प्रयत्न कर, माझ्यासाठी कर, बापासाठी कर, डॉक्टरबाई म्हणाल्यात ना की नशीब असेल तर गुण येईल. जे जे सुचलं ते सगळं म्हणाले, काही गोष्टी ज्या म्हणू नयेत त्याही म्हणाले. तिच्या तोंडून शब्दाला शब्द आला नाही, तेव्हा मला कळलं की हे संपलंय. ती नुसती माझा हात थोपटत होती, मी लहान असल्यासारखी.

मी गप्प झाल्यावर ती म्हणाली, "उद्या डॉक्टरबाई येतील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस हं. तू बघितलंस तर मला जमणार नाही."

त्या संध्याकाळी ग्रुपवर तिनं एकच ओळ टाकली की नवशिक्याचं बरोबर आहे. तेलकटानं लगेच लिहिलं की असं कसं, मग नावाड्याच्या वादळातल्या त्या रात्रीचं काय, आणि पाठोपाठ चार मुद्दे मांडले, सगळे नावाड्याच्या बाजूनं. बिचाऱ्याला आता भांडायला जमलं होतं. तिनं ते उघडलं नाही.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याच्याकडे बघितलं तर तो गाड्या मोजत नव्हता. त्याचा चेहरा पार ओला झाला होता, आणि इतक्या वेळा तो इथे उभा होता तेव्हाही तसाच असेल. मी रुमाल काढला आणि खिडकीची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

मागे ढब्बू डॉक्टरबाईंना सांगत होती. आवाज स्पष्ट होता, थरथर नव्हती. मी काच पुसत राहिले, आणि माझा पाय फरशीवर दाबलेला होता, सगळा जोर लावून.